सभासदांची यादी ही अनामत आहे

जबलपूरच्या सराफ्यात दागिना गहाण पडला, तर त्याची पावती मिळते आणि तो गहाळ झाल्यास पेढीला जाब द्यावा लागतो. राजकीय पक्ष मात्र नागरिकांचे नाव, पत्ता, जात व मताचा कल गोळा करतात आणि ही अनामत फुटली की हात झटकतात.

मार्च 2019 मध्ये तेलुगू देसम पक्षाच्या ‘सेवामित्र’ ॲपसंबंधी तेलंगणात गुन्हा नोंदविला गेला. ॲप बनविणाऱ्या कंपनीकडे 7 कोटी 82 लाखांहून अधिक लोकांची आधार-माहिती असल्याची तक्रार पुढे आधार प्राधिकरणानेच केली. पक्षाने आरोप फेटाळले. परंतु त्या कोट्यवधींना कोणी विचारले?

यादी फुटल्याचा खरा फटका नेत्यांना बसत नाही. तो बसतो कंत्राटी कामगाराला, ज्याचे युनियनमधील नाव मालकाच्या हाती पडते. 1929 च्या मीरत खटल्यात झडत्यांत जप्त केलेली पत्रेच कामगार नेत्यांविरुद्ध पुरावा ठरली. तेव्हा झडतीला पोलीस लागत. आज एक उघडी फाईल पुरते.

2023 च्या माहिती संरक्षण कायद्यात 250 कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. पण तो दंड सरकारी तिजोरीत जातो, पीडिताला दमडीही मिळत नाही. भरपाईचा हक्क कायद्यात आलाच पाहिजे.

आणि आपली जबाबदारी? आवश्यक तेवढेच टिपावे, काम संपताच नष्ट करावे, आणि यादी फुटलीच तर सर्वप्रथम सभासदाला कळवावे. जनतेचा विश्वास हीच संघटनेची खरी पुंजी होय.