पालकांनो, पाटी हातात घ्या!

जोहान्सबर्ग, प्रिटोरिया, डर्बन, केप टाउन. या शहरांत संसार थाटलेल्या मराठी आईबापांनो, तुमच्या मुलाच्या शिक्षणाचा धनी कोण? शाळा? सरकार? दरमहा फी घेणारी संस्था? की तुम्ही स्वतः? उत्तर देण्याची घाई करू नका. फी भरली, गणवेश घेतला, डबा भरून दिला, सकाळी मूल फाटकाशी सोडलं, की आपण सुटलो, असंच बहुतेक घरांत चाललेलं असतं. मुलाला वाचता येतं का, वाचलेलं कळतं का, ते शाळेत रमतं की कुढतं, याचा पत्ता प्रगतिपुस्तक हातात पडेपर्यंत लागत नाही. ही झोप मोडायला हवी. आज, आत्ता.

दक्षिण आफ्रिकेत तर ती मोडायलाच हवी. 2021च्या आंतरराष्ट्रीय वाचनचाचणीत या देशातल्या चौथीच्या शंभरांतल्या 81 मुलांना वाचलेल्या मजकुराचा अर्थ लागत नसल्याचं दिसलं. 2016मध्ये हाच आकडा 78 होता. महासाथीत शाळा बंद पडल्या आणि घसरण वाढली. यावर कुणी म्हणेल, आमच्या मुलाची शाळा तशी नाही. हिरवं मैदान आहे, पोहण्याचा तलाव आहे. असेलही. पण त्या शाळेचं शुल्क सगळ्यांना परवडतं? गाउटेंग प्रांतात पहिलीच्या आणि आठवीच्या प्रवेशासाठी दरवर्षी केवढी ओढाताण होते, ते तिथल्या पालकांना विचारा. शाळा उघडल्या तरी काही मुलं जागेची वाट पाहत घरी असतात. नवऱ्याची किंवा बायकोची बदली दर दोन-तीन वर्षांनी होते आणि मूल प्रत्येक वेळी नव्या वर्गात पाहुणं ठरतं. एखादं मूल हळू शिकतं, एखादं फार पुढे धावतं, एखाद्याला वर्गातली दांडगाई सोसवत नाही. अशा मुलांचे आईबाप हताश होतात आणि म्हणतात, ‘काय करणार, दुसरा इलाज नाही.’

इलाज आहे. या देशाचा कायदाच तो देतो. 1996च्या दक्षिण आफ्रिकन शाळा कायद्याच्या 51व्या कलमानं मुलाला घरी शिकवण्याची वाट मोकळी केली. प्रश्न वाटेचा नाही, त्या वाटेनं चालण्याच्या हिमतीचा आहे.

आणि हिंमत कशाला म्हणतात, ते या मातीकडूनच शिकावं. 1953मध्ये वर्णद्वेषी सरकारनं बांटू शिक्षण कायदा आणला. काळ्या मुलांना गोऱ्यांच्या चाकरीपुरतं शिकवायचं, त्यापलीकडे नाही, हा त्यामागचा उघड हेतू. 1955मध्ये जोहान्सबर्गच्या पूर्वेकडच्या वस्त्यांत आणि ईस्टर्न केपमध्ये पालकांनी मुलं शाळेतून काढली. पण काढून ठेवायची कुठे? परवानगीवाचून शाळा चालवणं गुन्हा होता. तेव्हा लोकांनी ‘सांस्कृतिक मंडळं’ काढली. तिथं फळा नाही, खडू नाही. गाणी, गोष्टी, खेळ यांच्या आडून इतिहास, भूगोल, गणित शिकवायचं. पोलीस येत, मंडळं तरीही भरत. ज्यांच्या घरात वीज नव्हती, खिशात पैसा नव्हता, त्यांनी हे केलं. पुढे 16 जून 1976 रोजी सोवेटोतली पोरं आफ्रिकान्स भाषेच्या सक्तीविरुद्ध रस्त्यावर उतरली, गोळ्या झेलल्या. तो दिवस आज तिथं युवा दिन म्हणून सुट्टीचा असतो. त्या सुट्टीच्या दिवशी आपण मॉलमध्ये जातो. जरूर जावं, पण ती सुट्टी कुणी मिळवून दिली हेही मुलाला सांगावं.

भारतीयांचा वारसा काही कमी नाही. 1860 साली ‘ट्रुरो’ जहाजातून नाताळ वसाहतीत उतरलेल्या गिरमिटिया मजुरांच्या लेकरांना सरकारनं फारसं शिकवलं नाही. त्यांच्या बिरादरीनं पदरमोड करून, वर्गण्या काढून शाळा उभ्या केल्या आणि मग सरकारकडून अनुदान मागितलं. गांधींनी मुलांना गोऱ्यांच्या शाळेत मेहेरबानी म्हणून पाठवायला नकार दिला आणि घरीच शिकवायला घेतलं. 1910मध्ये गांधींचे मित्र कॅलनबाख यांनी दिलेल्या जमिनीवर टॉलस्टॉय फार्म उभा राहिला. सकाळी शेतात राबायचं आणि दुपारनंतर हिंदी, तमिळ, गुजराती, उर्दू शिकायचं, असा तिथला क्रम होता. दमलेली मुलं आणि दमलेला शिक्षक, तरी वर्ग चुकला नाही. 1912मध्ये आपले गोपाळ कृष्ण गोखले त्या देशात गेले. जोहान्सबर्गमध्ये कोकणातून गेलेले मुसलमान होते. त्यांच्यासमोर गोखल्यांनी मराठीत बोलावं असा आग्रह गांधींनी धरला आणि स्वतः त्याचा हिंदुस्तानीत अनुवाद केला. शंभर वर्षांहून अधिक काळापूर्वी त्या शहरात मराठीचं व्यासपीठ उभं राहिलं होतं. आज त्याच शहरातलं आपलं मूल आजीशी फोनवर दोन वाक्यं मराठीत बोलू शकत नसेल, तर शाळेला दोष कसा द्यायचा?

इथंच एक इशाराही घ्या, कारण आंधळा उत्साह मुलाचा घात करतो. गांधींच्या थोरल्या मुलाला, हरिलालला, औपचारिक शिक्षणाची ओढ होती. वडिलांच्या तत्त्वापुढे तिला वाव मिळाला नाही आणि 1911मध्ये तो त्यांना सोडून भारतात निघून आला. बापलेकांत पडलेली ती तेढ कधी मिटली नाही. मुलांना द्यावा तितका वेळ आपण देऊ शकलो नाही, हे गांधींनीही नंतर लिहून ठेवलं. यातून दोन गोष्टी शिकायच्या. मुलाला विचारल्याशिवाय त्याच्या शिक्षणाचा प्रयोग करायचा नाही. आणि जगात पुढे जाण्याचं दार उघडणारा कागद, म्हणजे मान्यताप्राप्त प्रमाणपत्र, त्याच्या हातून हिरावून घ्यायचं नाही.

म्हणून कायदा आधी नीट समजून घ्या. 13 सप्टेंबर 2024 रोजी राष्ट्राध्यक्ष रामाफोसा यांनी ‘बेला’ नावानं ओळखल्या जाणाऱ्या शिक्षण-सुधारणा कायद्यावर सही केली आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरअखेर तो लागू झाला. ग्रेड आर, म्हणजे पहिलीच्या आधीचं वर्ष, सक्तीचं झालं. मूल विनाकारण शिक्षणाबाहेर ठेवणाऱ्या पालकाला बारा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. घरी शिकवायचं असेल तर प्रांताच्या शिक्षण खात्याच्या प्रमुखांकडे अर्ज करून परवानगी घ्यावी लागते. तुमचा अभ्यासक्रम राष्ट्रीय अभ्यासक्रमाच्या तोडीचा असावा लागतो. प्रत्येक टप्प्याच्या शेवटी, म्हणजे तिसरी, सहावी आणि नववीनंतर, पात्र परीक्षकाकडून मूल्यमापन करून घ्यावं लागतं आणि त्याचा खर्च पालकानं सोसायचा असतो. या अटी जाचक आहेत, अशी तक्रार घरी शिकवणाऱ्या अनेक पालकांनी केली. त्यांचं म्हणणं ऐकण्याजोगं आहे, त्यासाठी संघटितपणे भांडावंही. केवळ घरी शिकवणाऱ्या कुटुंबांच्या कायदेशीर बचावासाठी झटणारा पेस्टालोझी ट्रस्ट तिथं 1998पासून आहे. पण अर्जाची टाळाटाळ करून लपून शिकवणं हा शहाणपणाचा मार्ग नव्हे, परदेशी व्हिसावर राहणाऱ्या कुटुंबासाठी तर मुळीच नव्हे. व्हिसाच्या अटीही जाणकार वकिलाकडून तपासून घ्या.

आता वाटा कोणत्या? पहिली वाट सरकारी अभ्यासक्रमाची. त्याला तिथं ‘कॅप्स’ म्हणतात. शिक्षण खात्याची कार्यपुस्तकं फुकट उतरवून घेता येतात. वरच्या वर्गांच्या गणित-विज्ञानासाठी सियावुला या संस्थेची पाठ्यपुस्तकं मोफत खुली आहेत. म्हणजे पुस्तकांपायी घर गहाण टाकावं लागत नाही. दुसरी वाट तयार संचाची. इम्पाक, ब्रेनलाइन यांसारख्या संस्था पुस्तकं, वेळापत्रक, चाचण्या, ऑनलाइन वर्ग असं सगळं शुल्क घेऊन पुरवतात. दोघंही नोकरी करणाऱ्या आईबापांना ही सोयीची, पण शुल्क भरलं म्हणजे शिकवणं झालं, हा जुना रोग इथंही जडतो, सावध राहा. तिसरी वाट केंब्रिजची. उद्या बदली नैरोबीला झाली किंवा दुबईला, तरी अभ्यासक्रम तोच राहतो. मात्र परीक्षेचं शुल्क जड असतं आणि दक्षिण आफ्रिकेतल्या विद्यापीठात जायचं तर प्रवेशपात्रतेच्या सूटपत्राचे नियम पाळावे लागतात. चौथी वाट आपल्या पद्धतीनं, माँटेसरीच्या धर्तीवर किंवा मुलाच्या कुतूहलामागे जात शिकवण्याची. धाकट्या वयात ती फुलते, पण टप्प्याच्या मूल्यमापनाचं भान सोडता येत नाही.

खरी कसोटी दहावीपासून लागते आणि पालक नेमके तिथंच गाफील सापडतात. नववीपर्यंत घरी आपल्या रीतीनं शिकवलेल्या मुलाला थेट बारावीच्या परीक्षेला नेऊन बसवता येत नाही. तिथलं मॅट्रिक, म्हणजे नॅशनल सीनियर सर्टिफिकेट, सात विषयांचं असतं: दोन भाषा, गणित किंवा गणित-साक्षरता, जीवनाभिमुख शिक्षण आणि तीन ऐच्छिक विषय. बहुतेक विषयांत 25 टक्के गुण वर्षभरातल्या कामाचे असतात. तेव्हा दहावीपासूनच साकाई किंवा आयईबी या परीक्षा मंडळांशी जोडलेल्या संस्थेत नाव घालावं लागतं. या मंडळांवर उमालुसी या सरकारी परिषदेची देखरेख असते. प्रमाणपत्रावर उमालुसीचं नाव येणार का, एवढा एकच प्रश्न आधी विचारलात तरी गोड बोलून पैसे उकळणारे निम्मे दलाल गळून पडतील. भारतात परतायचं असेल तर तिथलं प्रमाणपत्र भारतीय विद्यापीठ संघाच्या समकक्षतेत बसतं का, हे आठवी-नववीतच पाहून ठेवा. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची वाटही विचारात घ्या. मराठीसाठी तर बालभारतीची पुस्तकं फुकट उतरवून घेता येतात. निमित्त सांगायला जागाच उरलेली नाही.

आता घरातलं बोलू. नवऱ्याच्या नोकरीमागे गेलेल्या कितीतरी मराठी स्त्रिया तिथं घरात बसून आहेत. सोबतीच्या व्हिसावर नोकरी करता येत नाही. कुणी अभियंता आहे, कुणी रसायनशास्त्र शिकलेली, कुणी गावाकडे दहा वर्षं शाळेत शिकवलेली. एवढी विद्या गंजत का ठेवायची? आपल्या परंपरेत लक्ष्मीबाई डोंगरे यांनी तीर्थयात्रेच्या भटकंतीत आपल्या लेकीला स्वतःच शिकवलं आणि तीच लेक पंडिता रमाबाई म्हणून देशाला माहीत झाली. जोतिरावांनी सावित्रीबाईंना घरी शिकवलं आणि त्या शिक्षणातून 1848मध्ये पुण्यात मुलींची शाळा उभी राहिली. घरात शिकवणं आपल्याला परकं नाही. पण बापांनो, तुम्हालाही सुट्टी नाही! घरशिक्षण म्हणजे आईच्या डोक्यावर आणखी एक ओझं, असं होणार असेल तर ते सुरूच करू नका. शनिवारचं गणित तुमचं, रात्रीचं वाचन तुमचं, खात्याच्या कचेरीत हेलपाटे घालणंही तुमचंच.

आणि एकट्यानं करू नका. मूल दिवसभर चार भिंतींत कोंडलं तर ते शिकेल, पण माणसांत मिसळायला विसरेल. चार-पाच कुटुंबांनी एकत्र या. एकीनं विज्ञान घ्यावं, एकानं इतिहास, एकीनं चित्रकला. आठवड्यातून एक दिवस मुलं संग्रहालयात, वनस्पती उद्यानात, मैदानावर एकत्र नेता येतील. मात्र मर्यादा ओळखा: जबाबदारी प्रत्येक पालकाची स्वतःची राहते. गॅरेजमध्ये नोंदणीविना शाळाच थाटली तर ती बेकायदा ठरते.

ज्यांना मूल शाळेतून काढायचं नाही, त्यांनी हा लेख दुसऱ्यांसाठी आहे असं समजू नये. शाळेत जाणाऱ्या मुलाचंही शिक्षण घरी सुरू होतं आणि घरीच पक्कं होतं. रोज अर्धा तास मोठ्यानं वाचन, आठवड्यातून एक मराठी गोष्ट, महिन्यातून एकदा मुलाच्या वहीची पानं स्वतः उलटून पाहणं, एवढं करायला कुठल्या खात्याची परवानगी लागत नाही. तुमच्या घरी कामाला येणाऱ्या बाईचं मूलही वाचलेलं न कळणाऱ्या त्या 81 मुलांमध्ये असू शकेल. नालीबाली या वाचनचळवळीनं तिथल्या अनेक भाषांत गोष्टी तयार केल्या आहेत. शनिवारी आपल्या पोरांच्या रांगेत त्या मुलालाही बसवा. झुलू गोष्ट त्यानं वाचावी, मराठी गोष्ट तुमच्या लेकीनं. सावित्रीबाईंचं नाव घ्यायचं तर ते असं घ्यावं.

तिथलं शालेय वर्ष जानेवारीत सुरू होतं. तोवर हातावर हात ठेवून बसू नका. या आठवड्यात मुलाशी बोला आणि त्याला काय हवं ते ऐका. पुढच्या आठवड्यात प्रांताच्या खात्याकडून अर्ज मिळवा, शेजारची चार घरं जोडा, पुस्तकं उतरवून घ्या, विषय वाटून घ्या. शाळा निवडायची तर डोळे उघडे ठेवून निवडा, घर निवडायचं तर कंबर कसून निवडा. पण निवड तुमची असू द्या. फळा आणि खडूवर बंदी होती तेव्हा या देशातल्या गरिबांनी गाण्यांतून भूगोल शिकवला. आपल्यावर तर कुणाची बंदी नाही. उठा, पाटी हातात घ्या आणि शिकवायला लागा!