जोडीदाराचं नाव, जोडीदाराचा वाटा

जुलै २०२४मध्ये बंगळुरूच्या हनुमानकाइंड या रॅपरचं ‘बिग डॉग्स’ हे गाणं आलं आणि पुढच्या काही आठवड्यांत अमेरिकेच्या बिलबोर्ड हॉट १०० यादीत २३व्या क्रमांकापर्यंत चढलं. जन्म केरळचा, लहानपण ह्यूस्टनमधलं आणि कारकीर्द बंगळुरूची, अशा या हनुमानकाइंडविषयी, म्हणजे सूरज चेरुकटविषयी, आपल्या स्टुडिओंमध्येही बरीच चर्चा झाली. चर्चेचा सूर बहुतेक वेळा एकच: पोराचं नशीब फळफळलं. रॅप लिहिणाऱ्या, बीट बांधणाऱ्या, मिक्सिंगला बसणाऱ्या आपल्या वाचकांनी तरी एवढ्यावर समाधान मानू नये. नशीब म्हटलं की शिकायचं काही उरत नाही.

त्याची गाणी सालवार मांडून पाहा. २०१९मध्ये ‘कलारी’ ही ईपी आली आणि त्याच वर्षी तो पुण्यात एनएच७ वीकेंडरच्या मंचावर उभा राहिला. २०२१मध्ये ‘जेंगिस’, २०२२मध्ये ‘रश अवर’, २०२३मध्ये ‘गो टू स्लीप’. त्यानंतर ‘बिग डॉग्स’, मार्च २०२५मध्ये ‘रन इट अप’ आणि त्याच जुलैत ‘मॉन्सून सीझन’ ही मिक्सटेप. जगाचं लक्ष जाण्याआधी पाच वर्षं गाणी येत होती. ‘जेंगिस’, ‘बिग डॉग्स’ आणि ‘रन इट अप’ या तिन्हींमागे निर्माता काल्मी आहे. शेवटच्या दोन्हींचे व्हिडिओ बिजॉय शेट्टीचे. ‘बिग डॉग्स’वर तर हनुमानकाइंडच्या बरोबरीने काल्मीचंही नाव मुख्य कलाकार म्हणून लागलेलं आहे.

आम्हाला या यशातली सर्वांत मोलाची गोष्ट हीच वाटते. एकाच जोडीदाराबरोबर वर्षानुवर्षं काम केलं की रॅपरचा श्वास कुठे तुटतो, शब्द कुठे दाटतात, कुठे बासला जागा सोडायची, हे बीट करणाऱ्याला सांगावं लागत नाही. आवाजाला स्वतःची ओळख अशीच येते. ‘बिग डॉग्स’च्या व्हिडिओतला पोन्नानीचा मौत का कुआँ असो, ‘रन इट अप’मधलं चेंडा हे केरळी तालवाद्य असो किंवा त्याच्या व्हिडिओतला आपल्या मातीतला मर्दानी खेळ असो, हे सारं त्या ओळखीत सामावून गेलं. डिसेंबर २०२४मध्ये अमेरिकी रॅपर एसॅप रॉकी ‘बिग डॉग्स’च्या रीमिक्सवर आला, तेव्हा गाणं आपल्या पायांवर उभं होतं. मोठ्या नावाचा पाहुणा गाण्याला श्रोते देऊ शकतो, पण ओळख घरच्या जोडीलाच घडवावी लागते. आपल्याकडे मात्र पहिल्याच सिंगलसाठी पाहुणा शोधण्याची घाई असते.

महाराष्ट्रातही जोडीने उभी राहिलेली कामं आहेत. २०१५च्या ‘मेरे गली में’मध्ये रॅपर डिव्हाइन आणि नेझी यांच्याइतकाच निर्माता सेझ ऑन द बीटचा हात होता. मुंबईच्या स्वदेशी या गटाने २०१९मध्ये ‘द वारली रिव्होल्ट’ केलं, तेव्हा आरेच्या प्रकाश भोईर यांचा आवाज त्या गाण्याचा कणा होता आणि त्यांचं नाव गाण्यावर होतं. २०२४मध्ये क्रेटेक्स आणि श्रेयस यांच्या ‘तांबडी चामडी’ने मराठी शब्द परदेशातल्या डान्स फ्लोअरवर नेले. त्यावरही दोघांची नावं आहेत.

मग रोजच्या कामात आपण असे का वागत नाही? बीट मित्राने केलेलं असतं, पैशांचं ‘बघू नंतर’ असतं. ढोलकीवाल्याच्या हातात पाकीट ठेवलं की त्याचा विषय संपतो आणि गाणं अपलोड होताना त्याचं नाव कुठेच नसतं. गाणं चाललं नाही तर कुणी काही बोलत नाही. चाललं की मैत्री तुटते आणि पुढचा अल्बम होतच नाही.

कायदा इथे आपल्या बाजूने आहे, पण तो वाचायला हवा. कॉपीराइट कायदा, १९५७नुसार हक्काचं हस्तांतरण लेखी आणि सहीनिशीच करावं लागतं. करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर हक्क भारतापुरताच जातो. २०१२च्या दुरुस्तीने गीतकार आणि संगीतकार यांचा रॉयल्टीतला, हक्क घेणाऱ्याच्या बरोबरीचा वाटा सुरक्षित केला. हक्क विकला तरी तो वाटा सोडून देता येत नाही. मात्र ध्वनिमुद्रणावरचा हक्क वेगळा आहे. ते घडवून आणण्याचा पुढाकार आणि जबाबदारी ज्याची, त्याच्याकडे तो जातो आणि प्रकाशनानंतर ६० वर्षं राहतो. बीट बांधणाऱ्याला त्यात भागीदारी हवी असेल, तर ती कागदावरच यायला हवी.

म्हणून आमचं आवर्जून सांगणं आहे: फायनल मिक्स बाहेर जाण्यापूर्वी एक पान लिहा. शब्द कुणाचे, चाल आणि बीट कुणाचं, मास्टर कुणाच्या मालकीचा, कुणाला किती टक्के, मुख्य कलाकार म्हणून कुणाची नावं लागणार, वादकांचा उल्लेख कसा होणार. सगळ्यांच्या सह्या घ्या आणि प्रत प्रत्येकाला द्या. वितरकाकडे माहिती भरताना तीच नावं भरा. लिहिणाऱ्यांनी आणि संगीत करणाऱ्यांनी आयपीआरएस या रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेचं सदस्यत्व घ्यावं. वाटे ठरवायला तासभर लागेल, थोडा संकोचही वाटेल. पण ज्याला हे बोलणं जमतं, त्याच्याकडे जोडीदार पुढच्या गाण्यालाही येतो.

याची सुरुवात नवोदितांवर सोपवू नये. अठरा-एकोणीस वर्षांचा मुलगा पहिल्यांदा स्टुडिओत येतो, तेव्हा हक्काचं विचारायची त्याची हिंमत होत नाही. ते पान त्याच्यापुढे आपण ठेवायचं, समजावून सांगायचं आणि त्याच्याआधी आपली सही करायची.