विश्लेषण : बिघडलेला टॅब ‘फॅक्टरी रीसेट’ने बरा होतो का? संगणक कधी लागतो, जुना पासवर्ड का महत्त्वाचा?

टॅब सुरू होताना कंपनीच्या चिन्हावरच अडकतो, मध्येच हँग होतो किंवा स्क्रीन लॉकचा पॅटर्न कोणालाच आठवत नाही. अशा वेळी ‘रीसेट मारून टाका’ हा सल्ला हमखास मिळतो. अहिल्यानगर जिल्ह्यात ‘महाज्योती’च्या टॅबवर ‘जेईई’, ‘नीट’ची तयारी करणारे विद्यार्थी, लोकवर्गणीतून टॅब घेतलेल्या जिल्हा परिषद शाळा आणि रोजच्या नोंदी मोबाइलवर भरणाऱ्या अंगणवाडी सेविका या सर्वांचाच या प्रश्नाशी संबंध येतो. अकोल्यापासून नगर शहर शंभर किलोमीटरहून दूर आहे. तिकडून टॅब घेऊन शहर गाठण्याआधी घरी किंवा शाळेत संगणकाच्या मदतीने काय करता येते आणि काय करू नये, हे माहीत असलेले बरे.

फॅक्टरी रीसेट म्हणजे नेमके काय?

टॅबच्या स्टोरेजचे ढोबळमानाने दोन भाग असतात. एका भागात अँड्रॉइडसारखी मूळ प्रणाली असते आणि दुसऱ्या भागात आपले फोटो, अ‍ॅप, खाती व सेटिंग असतात. फॅक्टरी रीसेटमध्ये दुसरा भाग पुसला जातो, पहिल्या भागाला हात लागत नाही. म्हणून रीसेटनंतर टॅब खोक्यातून काढल्यासारखा दिसला, तरी अँड्रॉइडची जुनी आवृत्ती परत येत नाही. शेवटच्या अपडेटने आलेली आवृत्तीच कायम राहते.

मूळ प्रणालीच खराब झाली असेल, तर केवळ रीसेट पुरत नाही. त्या वेळी कंपनीचे सॉफ्टवेअर संगणकावरून नव्याने भरावे लागते. दुकानात याला ‘फ्लॅश मारणे’ किंवा ‘सॉफ्टवेअर टाकणे’ म्हणतात. या दोन्ही कामांत फरक आहे. दुकानदाराने ‘सॉफ्टवेअर टाकावे लागेल’ असे सांगितले, तर आधी साधा रीसेट करून पाहिला का, हे जरूर विचारावे.

रीसेटपूर्वी काय तपासावे?

अनेकदा ‘बंद पडलेला’ टॅब फक्त पूर्ण डिस्चार्ज झालेला असतो. चांगल्या चार्जरवर किमान अर्धा तास ठेवावा, मग पॉवर बटण साधारण अर्धा मिनिट दाबून ठेवावे. काही टॅबमध्ये त्यासोबत आवाज कमी करण्याचे बटणही दाबावे लागते. एवढ्यावरच टॅब सुरू झाला, तर रीसेटची गरज नाही. टॅब सुरू होतो पण सतत अडकतो, असे असेल तर आधी स्टोरेज भरले आहे का ते पाहावे. अलीकडे टाकलेले एखादे अ‍ॅप काढून पाहावे.

टॅबची पाठ फुगलेली असेल किंवा स्क्रीन कडेने उचलली गेली असेल, तर बॅटरी फुगली आहे असे समजावे. असा टॅब चार्जिंगला किंवा संगणकाला जोडू नये, दाबून बसवण्याचा प्रयत्नही करू नये.

संगणक नेमका कधी लागतो?

टॅब सुरू होत असेल तर संगणकाची गरज नाही. सेटिंगमधील ‘रीसेट’ पर्याय सर्वांत सुरक्षित. संगणकाची मदत तीन प्रसंगी लागते : टॅब सुरूच होत नाही तेव्हा, मूळ प्रणाली नव्याने भरायची असते तेव्हा आणि टॅबची स्क्रीन चालते पण रीसेटपूर्वी फोटो-फाइली काढून घ्यायच्या असतात तेव्हा.

तिसऱ्या प्रसंगात टॅबचे लॉक उघडता आले पाहिजे. केबल जोडल्यावर स्क्रीनवर ‘फाइल ट्रान्सफर’चा पर्याय निवडल्याशिवाय संगणकाला टॅबमधील काहीच दिसत नाही. केबलही तपासावी. स्वस्तातल्या काही केबलमधून फक्त चार्जिंग होते, माहिती जात नाही. संगणक टॅब ओळखत नसेल तर पहिला संशय केबलवर घ्यावा.

अँड्रॉइड टॅब कसा रीसेट करतात?

सुरू न होणाऱ्या अँड्रॉइड टॅबमध्ये ‘रिकव्हरी’ नावाचा वेगळा कप्पा असतो. टॅब पूर्ण बंद करून पॉवर आणि आवाज वाढवण्याचे बटण एकत्र दाबून धरले की बहुतेक टॅबमध्ये तो उघडतो. कंपनीनुसार बटणांची जोडी बदलते. सॅमसंगच्या अँड्रॉइड ११ आणि त्यापुढील आवृत्तीच्या उपकरणांत आणखी एक अट आहे. टॅब केबलने संगणकाला जोडलेला असेल तरच ही बटणे काम करतात. अनेक जण इथेच अडकतात आणि टॅब कायमचा गेला असे समजतात. प्रत्यक्षात संगणकावर कोणतेही सॉफ्टवेअर टाकावे लागत नाही, केबल जोडलेली असणे पुरेसे असते.

रिकव्हरीच्या यादीत आवाजाच्या बटणांनी वर-खाली जाता येते, पॉवर बटणाने निवड होते. ‘वाइप डेटा / फॅक्टरी रीसेट’ निवडून खात्री द्यायची आणि काम संपल्यावर ‘रीबूट सिस्टीम नाऊ’ निवडायचे. पहिल्यांदा सुरू व्हायला टॅब नेहमीपेक्षा जास्त वेळ घेतो, त्यामुळे मध्येच बंद करू नये.

एवढ्यानेही टॅब चिन्हावरच अडकत असेल, तर कंपनीचे दुरुस्ती सॉफ्टवेअर पाहावे. लेनोवोचे असे मोफत सॉफ्टवेअर आहे. पूर्वी ते ‘रेस्क्यू अँड स्मार्ट असिस्टंट’ नावाने ओळखले जाई, आता त्याचे नाव ‘सॉफ्टवेअर फिक्स’ आहे. ते टॅबचे मॉडेल ओळखून योग्य प्रणाली उतरवते व भरते. इंटरनेटवर सापडलेली कोणतीही फाइल टॅबमध्ये भरणे मात्र धोक्याचे. मॉडेल क्रमांकातील एका अक्षराचा फरकही टॅब कायमचा बंद पाडू शकतो.

‘एडीबी’ नावाच्या साधनाने संगणकावरून आज्ञा देऊन रीसेट करण्याची पद्धतही सांगितली जाते. त्यासाठी टॅबमध्ये ‘यूएसबी डीबगिंग’ आधीच सुरू असावे लागते आणि त्या संगणकाला टॅबच्या स्क्रीनवरून परवानगी दिलेली असावी लागते. लॉक विसरलेल्या टॅबवर ती परवानगी देता येत नाही, म्हणून सामान्य वापरकर्त्याला या पद्धतीचा फारसा उपयोग होत नाही.

आयपॅडची पद्धत वेगळी आहे का?

हो. आयपॅडसाठी संगणक हाच मुख्य मार्ग आहे. मॅकवर ‘फाइंडर’, तर विंडोजवर ‘आयट्यून्स’ किंवा ‘अ‍ॅपल डिव्हाइसेस’ हे अ‍ॅप लागते. होम बटण असलेल्या आयपॅडमध्ये होम आणि वरचे बटण एकत्र धरायचे. होम बटण नसेल तर आवाजाची दोन्ही बटणे एकामागून एक दाबून सोडायची आणि वरचे बटण धरून ठेवायचे. स्क्रीनवर केबल व संगणकाचे चित्र येईपर्यंत बोट सोडायचे नाही.

त्यानंतर संगणकावर ‘अपडेट’ आणि ‘रीस्टोअर’ असे दोन पर्याय येतात. आधी ‘अपडेट’ निवडावे. त्यात माहिती न पुसता प्रणाली नव्याने भरण्याचा प्रयत्न होतो. ‘रीस्टोअर’मध्ये सर्व पुसले जाते. डाउनलोडला १५ मिनिटांपेक्षा जास्त वेळ लागला तर आयपॅड त्या अवस्थेतून बाहेर पडतो. गावाकडच्या संथ इंटरनेटवर हे होण्याची शक्यता अधिक. डाउनलोड पूर्ण होऊ द्यावे आणि मग बटणांची क्रिया पुन्हा करावी.

रीसेट झाला, पण जुने खाते का मागतो?

खरी अडचण येथून सुरू होते. टॅब चोरणाऱ्याला तो वापरता येऊ नये म्हणून अँड्रॉइड ५.१ पासून, म्हणजे २०१५ पासून, ‘फॅक्टरी रीसेट प्रोटेक्शन’ हे कुलूप आले. सेटिंगमधून, लॉकचा पिन देऊन रीसेट केला तर खाते रीतसर निघते. बटणे दाबून रिकव्हरीतून केला, तर टॅब आधीचे गूगल खाते किंवा लॉक मागतो. ते दिल्याशिवाय पुढे जात नाही. आयपॅडमध्ये ‘अ‍ॅक्टिव्हेशन लॉक’ हेच काम करते. अँड्रॉइड १५ मध्ये हे कुलूप आणखी कडक झाले आहे.

घरच्या टॅबबाबत हा प्रश्न बहुधा सुटतो. पासवर्ड विसरला असेल तर तो दुसऱ्या मोबाइलवरून बदलावा, मात्र नवा पासवर्ड टॅबवर लागू व्हायला २४ तास लागू शकतात, असे गूगल सांगते. तेवढे थांबून मगच रीसेट करावा.

शाळेत प्रश्न गुंतागुंतीचा होतो. ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रमाचा शासन निर्णय २२ जून २०१५ चा. त्या काळात राज्यभरात अनेक जिल्हा परिषद शाळांनी ग्रामस्थांच्या वर्गणीतून प्रोजेक्टर, टॅब घेतले. टॅब सुरू करताना खाते लागते म्हणून उत्साही शिक्षकाने स्वतःचे किंवा त्याच दिवशी उघडलेले जीमेल खाते टाकले, तर ते खाते शाळेचे राहत नाही, त्या व्यक्तीचे होते. शिक्षकाची बदली जामखेडहून अकोल्याला झाली की पासवर्डही त्याच्याबरोबर जातो. त्यात भर म्हणजे, दोन वर्षे वापर नसलेली वैयक्तिक खाती पुसण्याचे धोरण गूगलने डिसेंबर २०२३ पासून अमलात आणले आहे. कपाटात पडलेल्या टॅबचे खातेच उरले नाही, तर रीसेटनंतर त्याचे कुलूप उघडायला किल्लीच राहत नाही.

अशा वेळी अधिकृत सर्व्हिस सेंटरकडे जावे. तिथे मूळ खरेदीचे बिल मागितले जाते. ‘कुलूप तोडून देतो’ म्हणणाऱ्या दुकानात नेल्यास टॅबमध्ये अनोळखी सॉफ्टवेअर शिरण्याचा धोका असतो.

योजनेतून मिळालेल्या टॅबचे काय?

इतर मागासवर्ग, विमुक्त जाती-भटक्या जमाती आणि विशेष मागास प्रवर्गातील विद्यार्थ्यांना नागपूरची ‘महाज्योती’ संस्था ‘जेईई’, ‘नीट’, ‘सीईटी’च्या ऑनलाइन प्रशिक्षणासाठी टॅब आणि रोज ६ जीबी इंटरनेट देते. अशा प्रकारच्या कोणत्याही योजनेतील टॅब रीसेट करण्यापूर्वी त्यावर संस्थेचे नियंत्रण सॉफ्टवेअर आहे का, हे पाहावे. सेटिंगमध्ये किंवा लॉक स्क्रीनवर ‘हे उपकरण संस्थेच्या व्यवस्थापनाखाली आहे’ अशा अर्थाची ओळ दिसते. असे टॅब रीसेटनंतर इंटरनेटला जोडताच पुन्हा संस्थेच्या नियंत्रणाखाली जाऊ शकतात. अभ्यासाचे अ‍ॅप आणि लॉगिन पुन्हा कसे मिळेल, हे संस्थेच्या मदत कक्षाला आधी विचारावे. परीक्षेच्या तोंडावर टॅब सुरू झाला आणि वर्गच उघडेना, तर रीसेटचा उपयोग काय?

पुसलेली माहिती परत मिळते का?

अँड्रॉइड १० आणि पुढील आवृत्तीसह आलेल्या टॅबमध्ये माहिती सांकेतिक रूपात साठवली जाते आणि रीसेटमध्ये तिची किल्लीच नष्ट होते. त्यामुळे ‘रीसेटनंतरचे फोटो काढून देतो’ या दाव्यावर पैसे घालवू नयेत. जे गूगल फोटोज, ड्राइव्ह किंवा आयक्लाउडवर आधीच गेले आहे, तेवढेच परत येते. मेमरी कार्ड सहसा पुसले जात नाही, तरी ते आधी काढून ठेवावे. मात्र कार्ड ‘अंतर्गत स्टोरेज’ म्हणून जोडले असेल, तर रीसेटनंतर त्यातील माहिती कुठेही वाचता येत नाही.

रीसेटने काय दुरुस्त होत नाही?

जुनेपणा आणि हार्डवेअरचा दोष. याचे राज्यातील ठळक उदाहरण अंगणवाडी सेविकांच्या मोबाइलचे आहे. २०१९ मध्ये त्यांना २ जीबी रॅमचे फोन मिळाले. मार्च २०२१ मध्ये ‘पोषण ट्रॅकर’ हे नवे अ‍ॅप आले. फोन गरम होतात, हँग होतात, दुरुस्तीचा खर्च पदरचा करावा लागतो, अशा तक्रारी वाढल्या आणि ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यभरातील सेविकांनी फोन शासनाला परत करण्याचे आंदोलन केले. हा वाद मुंबई उच्च न्यायालयातही गेला. फेब्रुवारी २०२३ च्या संपात मानधनवाढीबरोबर नवा मोबाइल ही प्रमुख मागणी होती. अ‍ॅपची भूक वाढत जाते आणि उपकरणाची ताकद तेवढीच राहते, तेव्हा कितीही वेळा रीसेट केले तरी काही दिवसांचाच दिलासा मिळतो. जुन्या टॅबचेही तसेच आहे. अँड्रॉइड ५.० च्या आधीच्या आवृत्तीवर आज व्हॉट्सअ‍ॅपही चालत नाही.

आणखी एक खूण लक्षात ठेवावी. रीसेट पूर्ण झाल्याचे दिसते, पण टॅब सुरू झाल्यावर जुने फोटो आणि अ‍ॅप जसेच्या तसे असतात. याचा अर्थ स्टोरेजची चिप खराब झाली असून तिच्यावर नवे काही लिहिले जात नाही. असा टॅब दुरुस्त करण्याचा खर्च बहुधा त्याच्या किमतीला परवडत नाही.

पुढे काय करता येईल?

घरच्यांसाठी उपाय सोपा आहे. खात्याचा पासवर्ड कागदावर लिहून बिलासोबत ठेवावा, फोटोंचा बॅकअप सुरू ठेवावा आणि टॅब विकताना किंवा दुसऱ्याला देताना रीसेट सेटिंगमधूनच करावा. जुना टॅब विकत घेताना तो आपल्यासमोर सुरू करून, आधीचे खाते मागत नाही ना, हे पाहूनच पैसे द्यावेत.

शाळा आणि कार्यालयांनी टॅबची नोंद डेडस्टॉक रजिस्टरमध्ये करताना मॉडेल, अनुक्रमांक आणि बिलासोबत कोणत्या खात्याने टॅब सुरू केला आहे, हेही लिहावे. पासवर्ड मुख्याध्यापकांकडे बंद पाकिटात ठेवावा. ते खाते व्यक्तीचे नव्हे, शाळेच्या नावाचे असावे. बदलीच्या वेळी कपाटाच्या किल्ल्यांबरोबर या खात्याचाही पदभार द्यावा. टॅब खरेदीसाठी गाव वर्गणी काढते, देणगीदारांची नावे फलकावर लागतात. पण दुरुस्तीसाठी वर्षाला थोडी रक्कम आणि खात्याची एक ओळ राखून ठेवली नाही, तर पहिल्या बिघाडातच ती वर्गणी वाया जाते. रीसेटची बटणे कोणीही दाबू शकतो. त्यानंतर टॅब पुन्हा मुलांच्या हाती येणार की नाही, हे मात्र रजिस्टरमधल्या त्या एका नोंदीवर अवलंबून असते.