धोटा आणि आडनाव

नायगावच्या बीडीडी चाळीत राहून माझा आजा गिरणीच्या त्रासन खात्यात राबला. साचेखात्यात पगार जास्त, पण आपल्याला दार बंद. का? तर धोट्यातलं सूत तोंडाने ओढायचं; आपल्या थुंकीने सवर्ण साचेवाला बाटायचा! १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा सवाल कामगार पुढाऱ्यांसमोर ठणकावून मांडला. १९८२ च्या संपानंतर गिरण्याच संपल्या, टॉवर आले. तिथं धोटा नाही, अर्ज आहे. सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांनी खाजगी कंपन्यांना सारख्याच शिक्षणाचे अर्ज धाडले. दलित आडनावांना बोलावणी कमी आली. २००७ साली हे छापून आलं. म्हणजे विटाळ थुंकीतून आडनावात शिरला! वर आम्हालाच म्हणतात, लायकी नाही. मग भरतीचा जातवार हिशेब मांडा, खाजगी नोकरीत आरक्षण द्या. ही भीक नाही. आजाचा थकलेला पगार मागतोय मी!