अतिवृष्टी, सातबारा आणि मजूर

२०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात व सोलापूर जिल्ह्यात झालेल्या अतिवृष्टीने काढणीला आलेले सोयाबीन तर नेलेच, पण नदीकाठच्या अनेक शिवारांतील मातीही खरवडून नेली. पीक गेले तर हंगाम जातो. माती गेली तर पिढ्यांची पुंजी जाते. ज्या लातूर शहराला एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी पुरवावे लागले, त्याच लातूरच्या जिल्ह्याने नऊ वर्षांनी हा पूर पाहिला. याला दैव म्हणून चालणार नाही. मध्य भारताच्या पट्ट्यात विस्तृत प्रदेशावर एकाच वेळी कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना १९५० ते २०१५ या काळात तिपटीने वाढल्या, असे पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतील रॉक्सी मॅथ्यू कोल व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली दाखवून दिले. मोसमी पावसाची एकूण बेरीज मात्र वाढलेली नाही. अर्थात, एकाच शिवाराला एका वर्षी करपणे व दुसऱ्या वर्षी वाहून जाणे, दोन्हींची तयारी ठेवावी लागणार आहे.

या नव्या संकटापुढे शासनाची मोजपट्टी जुनीच आहे. महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटर पाऊस झाला तर अतिवृष्टी. पीक ३३ टक्के बुडाले तर मदत. पीकविम्याचा हिशेब पीक कापणी प्रयोगांतून निघालेल्या मंडळाच्या सरासरीवर. सरासरीत एका गावाचे रान बुडाले तरी मंडळ तरून जाते.

परंतु मोजपट्टी सुधारली तरी मूळ प्रश्न उरतोच. पंचनामा सातबाऱ्यावरील नावाचा होतो. बटईने रान कसणारा त्यात नसतो, कारण कूळकायद्याच्या धास्तीने मालक लेखी करार करीत नाही. सोयाबीन काढणीच्या व कापूस वेचणीच्या मजुरीवर वर्षाची मीठमिरची भागविणाऱ्या भूमिहीन बाईच्या बुडालेल्या रोजाला पीक-पंचनाम्यात रकानाच नाही. तो रोज बुडाला की मुकादमाची उचल वाढते, आणि दसऱ्यानंतर कुटुंब अधिक कर्ज डोक्यावर घेऊन उसाच्या फडाकडे निघते.

यावर असे म्हटले जाईल की, शेतकरीच नागवला असताना मजुराचा वेगळा प्रश्न काढणे म्हणजे गावात फूट पाडणे होय. हा युक्तिवाद फसवा आहे. कोरडवाहू अल्पभूधारक स्वतः निम्मे वर्ष मजूरच असतो. मजुरीचा हक्क हा त्याचाही हक्क आहे.

महाराष्ट्राला हे नव्याने शिकावयाचे नाही. १९७२ च्या दुष्काळात लक्षावधी माणसे खडी फोडावयास उतरली. त्या अनुभवातून, वि. स. पागे यांच्या चिंतनातून व मजुरांच्या संघटित दडपणातून रोजगार हमीचा कायदा १९७७ साली झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. त्यासाठी शहरी नोकरदारांवर व व्यावसायिकांवर व्यवसाय कर बसविण्यात आला. गावाच्या आपत्तीचा भार शहराच्या मिळकतीने उचलावा, हे तत्त्व या राज्याने तेव्हा कायद्याने मान्य केले. ते टिकले असेल, तर खजिन्याच्या रितेपणाची सबब लंगडी ठरते.

ऑक्टोबर २०२५ मध्ये शासनाने ३१,६२८ कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले. त्यात खरवडून गेलेल्या जमिनीसाठी हेक्टरी ४७ हजार रुपये रोख व रोजगार हमीतून हेक्टरी तीन लाखांपर्यंतच्या कामांची घोषणा होती. ही दिशा योग्यच आहे. कसोटी अंमलबजावणीची आहे. माती पुन्हा रानात चढली, पण पैसा यंत्रमालक व कंत्राटदार यांच्या हाती गेला, तर मजूर दुसऱ्यांदा बुडाला असे म्हणावे लागेल.

म्हणून कार्यकर्त्यांनी गावोगाव तीन मागण्या लावून धराव्यात. पंचनाम्यासोबत बटईदारांची व बुडालेल्या रोजांची यादी ग्रामसभेत व्हावी आणि ती मदतीचा आधार मानली जावी. बांधबंदिस्ती, चर व माती-भरावाची जी कामे हातांनी होऊ शकतात, ती आधी हातांना मिळावीत. आणि आपत्तीनंतर पंधरा दिवसांत काम अथवा बेकारभत्ता मिळण्याचा हक्क कायद्यात नमूद व्हावा. हवामान कोणाच्या हुकमात नाही. पण त्याचा भार कोणाच्या पाठीवर टाकावयाचा, हे शासन ठरविते. ते ठरविताना मजुराची पाठ गृहीत धरली जाऊ नये, यासाठी पुढच्या पावसाळ्यापूर्वीच संघटना उभी राहिली पाहिजे.