बटण तुटतं तेव्हा

"मूकपट? म्हणजे शनिवार वाया!" शेजारचा कॅडेट पुटपुटला. मागच्या रांगेत तर झोपायची तयारीच सुरू होती. खरं सांगतो, मीही त्यांच्यातलाच.

चित्रपट होता मुर्नाव यांचा 'द लास्ट लाफ', जर्मनी, १९२४. बड्या हॉटेलचा म्हातारा दारवान. लांब कोट, चकाकती बटणं, भरघोस मिशा. वस्तीतले लोक त्याला मान देतात तो त्या कोटामुळे. एकदा जड ट्रंक उतरवून तो दमतो, क्षणभर बसतो. मॅनेजर नेमका ते पाहतो आणि त्याची रवानगी स्वच्छतागृहात होते. अंगावरचा कोट काढून घेताना एक बटण तुटून खाली पडतं. एमिल यानिंग्सची पाठ तेवढी वाकते. मागची रांग तोवर जागी झाली होती.

कथा सांगणारी पाटी अख्ख्या चित्रपटात एकच, तीही शेवटाकडे. त्यामुळे आमच्या डॉर्मिटरीतले केरळ, मणिपूर, हरियाणाचे सगळे एकाच वेळी गप्प झाले. आजचे चित्रपट संवाद ऐकत, इकडेतिकडे बघतही कळतात. इथे नजर हलवली की गोष्ट सुटते. ड्रिलचे उस्ताद नुसती मान पाहून ओळखतात, रात्री कोण जागलं. तसंच बघावं लागतं.

सगळंच आवडलं असं नाही. शेवटी दारवानाला अचानक वारसा मिळतो, हे काही पटलं नाही. खऱ्या आयुष्यात असं घडत नसतं, हे ती पाटीच कबूल करते!

तरीही महिन्यातला एक शनिवार मूकपटाला द्यावा, असं माझं मत आहे. त्याला एक घरचं कारणही आहे.

माझे आजोबा हवालदार म्हणून निवृत्त झाले आणि पुढे नऊ वर्षं पुण्यात एका सोसायटीच्या गेटवर बसले. गावात ते "पुण्यात कामाला आहे" एवढंच सांगत. सुट्टीत त्यांच्या खोलीवर गेलो, तरी एजन्सीचा निळा शर्ट दोरीवर कधी दिसला नाही. चित्रपटातला म्हातारा भाचीच्या लग्नासाठी तो कोट चोरतो आणि रुबाबात घरी येतो, तेव्हा मला तो शर्ट आठवला.

रविवारी फोनच्या रांगेत नंबर लागला. विचारलं, "आबा, तो निळा शर्ट कुठं वाळत घालायचात?"

बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मोरीत. दाराच्या मागं."