वल्ह्याआधीचे गणित

शर्यतीच्या आदल्या आठवड्यात जो अधिक वल्हवील तोच पुढे जाईल, अशी समजूत आमच्या नौकाप्रेमी तरुणांत रुजलेली दिसते. आणि मनगटाच्या पराक्रमापलीकडे काही न पाहणारे क्रीडालेखक तिला खतपाणी घालीत असतात. आम्हांला ही समजूत घातक वाटते. लांब पल्ल्याच्या शर्यतीची अखेरची तयारी दंडांची नसते. ती गणिताची आणि माणसांची असते.

इंग्लंडातील डेव्हायझेस ते वेस्टमिन्स्टर ही शर्यत घ्या. १९४८ च्या ईस्टरमध्ये डेव्हायझेसच्या काही स्काउटांनी १०० तासांच्या आत नावेने लंडन गाठून दाखविले, त्यातून ती निघाली. अंतर १२५ मैल. आधी केनेट-एव्हन कालवा, रेडिंगपासून थेम्स नदी. वाटेत ७७ ठिकाणी नाव पाण्याबाहेर काढून, उचलून धावत पलीकडे न्यावी लागते, कारण कालव्याची जलद्वारे व नदीचे बांध आडवे येतात. पहिले १५ मैल मात्र एकही जलद्वार नाही. नवखा तेथेच चेकाळतो व रात्री त्याचे दाम मोजतो.

खरी कसोटी टेडिंग्टनला. तेथून पुढे १७ मैल थेम्स भरती-ओहोटीच्या अधीन आहे. दोघांच्या नावेची मुख्य शर्यत रात्रंदिवस एका दमात चालते, आणि तिच्यात निघण्याची वेळ ज्याची त्याने आपली गती ओळखून ठरवावयाची असते. ओहोटी लागताना टेडिंग्टनला पोहोचावे, म्हणजे पाणीच नावेला वेस्टमिन्स्टरकडे ओढते. आपल्या गतीविषयी बढाई मारणारा उशिरा निघतो आणि ओहोटी हुकवितो. भित्रा लवकर निघतो आणि काठावर कुडकुडत बसतो. दोन नावा एकत्र बांधून सांगोड काढणाऱ्या कुंभारजुव्याच्या लोकांस भरती म्हणजे काय, हे आम्ही सांगावयास नको.

हा तर कारकुनी खेळ झाला, असा टोमणा आम्ही ऐकला आहे. १९७९ साली ब्रायन ग्रीनहॅम व टिम कॉर्निश यांनी हे अंतर १५ तास ३४ मिनिटांत तोडले. त्यांना कोणी कारकून म्हणून पाहावे! ओहोटीचे वेळापत्रक मात्र त्यांनाही चुकले नव्हते.

दुसरा आक्षेप याहून पोकळ आहे: काठावरून ज्याला ऊन पेय व कोरडा सदरा मिळतो तो कसला वीर? आमच्या देवळांच्या उत्सवात पालखीच्या भोयांची नावे कोणी छापीत नाही; पण खांदा कोठे बदलावयाचा हे आधी ठरले नसेल, तर पालखी वाटेतच अडते. तेथे ईस्टरच्या रात्री थंडी कडक असते. ओल्या अंगाच्या माणसाची बुद्धी दंडांच्या आधी गोठते, आणि आपण गोठत आहोत हे त्याला स्वतःला कळत नाही. ते कळते काठावरच्याला. म्हणून कोणत्या जलद्वाराशी कोणी, किती वाजता, काय घेऊन उभे राहावे, हे आठवडाभर आधी कागदावर उतरलेले असावे लागते. आणि नाव बाहेर काढण्याचा अधिकार कोणाचा, हेही. थकलेल्याशी मध्यरात्री वाद घालून तो प्रश्न सुटत नाही.

मांडवीत लांब पल्ल्याची नौकायात्रा काढण्याच्या गोष्टी आमच्या कानी येतात. उत्साहाला आमची ना नाही. परंतु यात्रेच्या चालकांनी भरतीचे कोष्टक आणि काठावरच्या माणसांची यादी प्रथम आम्हांला दाखवावी. कोणाचे दंड किती भरदार, ते आम्ही मागाहून ऐकू.